कमी पैशात घरातल्या मळकट खोल्या कशा उजळायच्या, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पहिलं एकच सांगते, रंगाचा डबा सगळ्यात शेवटी आणायचा. आपल्याकडं काय होतंय, खोली मळकट दिसायला लागली की माणूस सरळ हार्डवेअरच्या दुकानात जातो, शेड कार्ड बघतो, बादली उचलतो, रविवारी दोन हात मारून मोकळा होतो आणि पुढच्या श्रावणात त्याच कोपऱ्यात परत पोपडे. पैसे गेले ते गेले आणि खोली होती तशीच. बेळगावात वडगाव, शहापूर, अनगोळकडच्या कितीतरी घरांत हे बघितलंय म्हणून ज्यांनी हातात कधी ब्रश धरला नाही त्यांच्यासाठी लिहिते, म्हणजे भाड्याच्या घरात राहणारे, नवीन संसार मांडलेले, नाहीतर खानापूरकडचं आजीचं घर परत वापरात काढणारे. मजूर लावला नाही तर साधारण अडीच-तीन हजारात एक खोली होते. क्रम तेवढा सांभाळायचा, आधी ओल, मग साफसफाई, मग उजेड, मग रंग, आणि पडदे-सामान अगदी शेवटी.

कधी करायचं

गणपतीच्या आधी रंग द्यायची आपल्याकडं घाईच असते, पाहुणे येणार, आरास होणार, सोपा म्हणजे पुढची बसायची खोली चांगली दिसली पाहिजे. पण तो काळ म्हणजे ऐन ओलीचा. जून ते सप्टेंबर भिंत पाणी पिऊन बसलेली असते, हवा दमट असते, त्यात रंग वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत ओल तशीच अडकते. त्यामुळं गणपतीच्या आधी फक्त साफसफाई, बल्ब, पडदे एवढंच करा, खोली त्यानंही बरीच बदलते. रंगाचं काम नवरात्र झाल्यावर ऊन पडायला लागलं की दिवाळीच्या आधी, किंवा सरळ जानेवारी ते मे. मला विचाराल तर एप्रिल-मे सगळ्यात चांगला, भिंती कडकडीत वाळलेल्या असतात आणि छताची दुरुस्ती पण त्याच वेळी होऊन जाते.

आपला जिल्हा सगळीकडं सारखा नाही हे पण लक्षात घ्या. कणकुंबी, जांबोटीकडं पाऊस झोडपून काढतो, तिथं सगळी लढाई ओलीशी. अथणी, रायबागकडं ओलीचा त्रास कमी, तिथं धूळ आणि ऊन. त्या भागातल्या लोकांनी घरातल्या भिंतीच्या आधी स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारावेत, पांढरी गच्ची ऊन परतवते आणि खालची खोली उन्हाळ्यात जरा सुसह्य होते. खर्च म्हणाल तर चुन्याचा तेवढा.

ओल कुठून येते ते शोधा

खोली रिकामी करायच्या आधी भिंतीकडं नीट बघा. डाग वरून खाली आलाय का, तर छत किंवा कौलं. खालून दोन-अडीच फुटांपर्यंत पट्टा आहे का, तर जमिनीतली ओल भिंतीत चढतीय. मध्येच कुठंतरी गोल डाग आहे आणि पलीकडं न्हाणीघर नाहीतर मोरी आहे, तर पाण्याची लाईन किंवा फरशीच्या सांध्यातून झिरपतंय.

भिंत आतून ओली आहे की नुसती हवेची दमट आहे हे कळायला सोपी युक्ती आहे. दुधाच्या पिशवीएवढा प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा घ्या, भिंत वरून कोरडी पुसून घ्या आणि चारी बाजूंनी चिकटपट्टीनं हवाबंद चिकटवा. एक दिवस तसाच ठेवून मग बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं असतील तर ओल भिंतीत आहे, रंगाला अजिबात हात लावू नका. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीत हवा खेळत नाही, खिडकी उघडी ठेवणं, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढणं, ओले कपडे आत न वाळवणं यानंच निम्मं काम होतंय.

कौलारू घर असेल तर पावसाच्या आधी एकदा शाकारून घ्या, फुटलेली कौलं बदला, त्याला फार पैसे लागत नाहीत पण माणूस जाणकार पाहिजे, स्वतः चढू नका. आणि चढलाच आहे तो तर त्याच्याकडून एक काचेचं कौल बसवून घ्या, त्याचं उजेडाच्या वेळी सांगते.

भिंतीवर पांढरी भुकटी फुटलेली असते ना, लोणा म्हणतो आपण, ती पाण्यानं धुवायची नाही. पाणी मारलं की मीठ विरघळून परत भिंतीत जातं आणि वाळलं की परत बाहेर येतं. कोरड्या ताठ ब्रशनं झाडायची, खाली पेपर अंथरून भुकटी गोळा करायची आणि बाहेर टाकायची. काळी बुरशी असेल तर घरात धुवायचं ब्लीच असतं ते एक भाग आणि पाणी तीन भाग करून स्पंजनं लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून वाळू द्या. खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लिनर, ॲसिड असलं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. मुलांना त्या वेळी शेजारी पाठवून द्या.

जमिनीतून चढणारी ओल तीन हजारात जात नाही, हे स्पष्टच सांगते. तिथं प्लास्टिकसारखा चकचकीत रंग किंवा वॉलपेपर लावून झाकायचा प्रयत्न करू नका, तेवढ्या पट्ट्याला चुना द्या. चुना श्वास घेतो, ओल बाहेर पडायला वाट मिळते आणि बुरशीला तो मानवत नाही.

खोली रिकामी करा, मग धुवा

खोली खरोखर रिकामी करा. सामान मधे गोळा करून वर चादर टाकून काम करणारे असतात पण मग कपाटामागची भिंत तशीच राहते आणि बुरशी नेमकी तिथंच असते. सामान बाहेर काढलं की लगेच तीन ढीग करा, परत आत जाणारं, दुसऱ्या खोलीत जाणारं आणि भंगारवाल्याला द्यायचं. तिसऱ्या ढिगाचे जे पैसे येतील त्यात निदान ब्रश आणि पॉलिश पेपर तरी सुटतो. जुने पेपर मात्र विकू नका, फरशीवर अंथरायला लागतात.

जळमटं वरून खाली काढायची, हे सगळ्यांना माहीत असतंय. धुताना मात्र उलटं, भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली की मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर येतात आणि ते डाग नंतर जात नाहीत. स्वयंपाकघरात कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे पुरे, स्पंजनं चोळा आणि नंतर साध्या पाण्यानं पुसून घ्या. ऑइल पेंट असलेली भिंत असेल तर एवढ्यावरच थांबायचं! कित्येक घरांत ऑइल पेंट खाली चांगला असतो, वर फोडणीच्या तेलाचा थर बसलेला असतो एवढंच, धुतला की भिंत नवीन दिसते आणि रंगाचा सगळा खर्च वाचतो. चुना किंवा साधा डिस्टेंपर, म्हणजे पाण्यात कालवायचा स्वस्त रंग, असलेली भिंत मात्र धुवायची नाही, उतरून हातात येईल, ती फक्त कोरड्या फडक्यानं झाडायची.

वडगाव, खासबागकडच्या घरांचं एक वेगळं दुखणं आहे. ज्या सोप्यात पूर्वी कापड विणायचे माग होते तिथं माग विकले गेले, खोली राहिली, पण मागाच्या तेलाचे डाग भिंतीच्या खालच्या भागात आणि फरशीत मुरलेत. अशा डागावर नुसता डिस्टेंपर मारला की आठवड्यात पिवळा डाग वर येतो, परत मारला तर परत येतो. तिथं आधी सोड्याच्या पाण्यानं दोनदा घासायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग तेवढ्याच भागाला ऑइल प्रायमरचा, म्हणजे रंगाच्या आधी द्यायच्या अस्तराचा, एक हात द्यायचा आणि त्याच्यावर रंग. पाव-अर्धा लिटर प्रायमरमध्ये भागतंय, सगळ्या भिंतीला द्यायची गरज नाही.

फरशी शहाबादी असेल तर ॲसिड ओतू नका, कोणीही कितीही सांगू दे. शहाबादी फरशी चुनखडीच्या जातीची, ॲसिडनं ती खाल्ली जाते, वरचा गुळगुळीतपणा जातो आणि मग मळ आणखी धरते. साबणाची पावडर, ताठ ब्रश आणि गुडघ्याखाली जुनी उशी, दुसरं काही लागत नाही.

उजेड

या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट ही. खिडकीच्या काचा दोन्ही बाजूंनी पुसा, जाळी काढून धुवा, खिडकीत ठेवलेल्या बाटल्या, डबे, औषधं हलवा. ट्यूब आणि पंख्याची पाती पुसा. मग संध्याकाळी दिवा लावून बघा, मगच ठरवा रंग पाहिजे की नको.

9 वॅटचा एलईडी बल्ब साधारण जुन्या 60 वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो, तेव्हा एकच मोठा दिवा मध्यभागी लावण्यापेक्षा एक दिवा वर आणि एक कोपऱ्यात खाली, म्हणजे कोनाड्यात नाहीतर कपाटावर, असे दोन लावा. बसायच्या खोलीत पिवळसर उजेडाचा, अभ्यासाच्या आणि स्वयंपाकाच्या जागी पांढऱ्या उजेडाचा घ्या. जुन्या घरातल्या दिवळ्या लोकं विटांनी बुजवतात, नका बुजवू! आतून पांढरा चुना मारा आणि एक छोटा दिवा ठेवा, दुकानातला कुठलाच शोपीस एवढा शोभणार नाही.

माजघरात खिडकीच नसते बऱ्याच घरांत, तिथंच ते काचेचं कौल कामाला येतं. दिवसभर दिवा लावायची गरज पडत नाही आणि माजघर एकदम मोठं वाटायला लागतं. फक्त ते देव्हाऱ्यावर नाहीतर झोपायच्या जागेवर येऊ देऊ नका, दुपारी ऊन थेट तिथंच पडतं.

आता रंग

आधी खोली मोजा. समजा खोली 10 बाय 12, उंची 10 फूट. चारी भिंतींची लांबी मिळून 44 फूट, गुणिले 10 म्हणजे 440 चौरस फूट. त्यातून 3 बाय 7 चा दरवाजा 21 आणि 4 बाय 4 ची खिडकी 16 वजा केली की साधारण 400 राहतात. डब्यावर दोन हातांत किती चौरस फूट होतं ते लिहिलेलं असतं, त्यानं 400 ला भागा. समजा लिटरला 60 लिहिलंय तर सात लिटर लागेल, दहाची बादली घ्यायची गरज नाही. हा आकडा कागदावर लिहूनच दुकानात जा, म्हणजे दुकानदार जास्त देणार नाही आणि कमी पडून त्याच शेडसाठी परत फेरी होणार नाही. दुसऱ्या खेपेला तीच शेड मशीनवर केली तरी थोडी वेगळी येऊ शकते, ती मग भिंतीवर दिसते.

कुठला रंग घ्यायचा? मातीची, जुन्या दगडाची, ओल येणारी भिंत असेल तर चुना. सिमेंटचा गिलावा आणि कोरडी भिंत असेल तर ॲक्रिलिक डिस्टेंपर, बजेटला तो बरा पडतो. मुलं लहान आहेत, भिंत पुसावी लागते, तर तेवढ्या एका भिंतीला साधा इमल्शन घ्या. महागाचा वॉशेबल प्रकार तीन हजाराच्या कामात बसत नाही आणि जुन्या उंचसखल भिंतीवर तो चमकून प्रत्येक खड्डा दाखवतो.

चुना करायचा असेल तर आदल्या दिवशी लोखंडी बादलीत, पाच किलो चुन्याला साधारण पंचवीस लिटर पाणी या हिशोबानं, भिजवायचा. कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना असेल तर पाणी लागलं की तो उकळल्यासारखा तापतो, म्हणून पाण्यात चुना थोडा थोडा सोडायचा, तोंड लांब ठेवायचं, डोळ्यावर चष्मा पाहिजेच. दुसऱ्या दिवशी जाड्याभरड्या फडक्यातून गाळायचा, भिजवलेला डिंक दोन-तीन चमचे घालायचा म्हणजे अंगाला लागत नाही, आणि पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ. भिंतीवर आधी पाणी शिंपडायचं, मग एक हात उभा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा. मारताना चुना पाण्यासारखा दिसतो, भिंत जशीच्या तशी दिसते आणि नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. देऊ नका, जाड थराचे पापुद्रे निघतात. वाळल्यावर पांढरा होतो तो, सकाळपर्यंत थांबा.

डिस्टेंपरसाठी जुना सुटलेला थर पत्रीनं, म्हणजे चपट्या पात्यानं, खरवडा, खड्डे पुट्टीनं भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा, धूळ झाडा, प्रायमरचा एक हात आणि मग रंगाचे दोन. खालचा चुना तसाच ठेवून वर इमल्शन मारलं तर चुन्यासकट सगळं सोलून येतं, हे खरवडण्याचं काम कंटाळवाणं आहे पण तेवढं केलंच पाहिजे.

इथं एक काळजीची गोष्ट. आपल्या देशात घराच्या रंगात शिसं किती असावं याचा 90 पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांचा, नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याच्या आधीच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. दारं-खिडक्या जुन्या असतील तर तो रंग कोरडा घासू नका, वॉटरप्रूफ पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, तोंडाला मास्क, आणि लहान मुलं, गरोदर बाई त्या खोलीत नकोत. पडलेला चुरा झाडूनं न उडवता ओल्या फडक्यानं पुसायचा.

शेड ठरवताना कार्डावर विश्वास ठेवू नका. सगळ्यात छोटा डबा घेऊन भिंतीवर दोन बाय दोनचा चौकोन मारा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात बघा. छत पांढरंच ठेवा. उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीला निळसर-राखाडी देऊ नका, फिका पिवळा किंवा साय रंग चांगला दिसतो.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, खालचा पट्टा. जुन्या घरांत भिंतीला खाली तीन फूट गडद रंग आणि वर पांढरा असायचा, ते फार शहाणपणाचं होतं. माणसं भिंतीला टेकून बसतात, डोक्याच्या तेलाचे गोल डाग पडतात, मुलांचे हात, सायकलचं हँडल, खुर्चीची पाठ, सगळं त्या तीन फुटांतच. वरचा भाग वर्षानुवर्षं खराब होत नाही. म्हणजे वर स्वस्त पांढरा आणि खाली पुसता येईल असा गेरूच्या रंगाचा, नाहीतर गडद हिरवा इमल्शन, मघाशी मोजलेल्या खोलीच्या हिशोबानं हा पट्टा सव्वाशे चौरस फूटही होत नाही. रेघ सरळ यायला हवी तेवढी. फरशीवरून मोजू नका, जुनी फरशी उताराची असते. पारदर्शक नळीत पाणी भरा, एका कोपऱ्यात तीन फुटांवर खूण करा, नळीचं एक टोक आतलं पाणी त्या खुणेवर येईल असं धरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाणी जिथं थांबेल तिथं दुसरी खूण. मग सुतळीला नीळ चोळा, दोघांनी दोन खुणांवर ताणून धरा आणि तिसऱ्यानं मधे चिमटीत धरून सोडा, टण्ण करून भिंतीवर निळी रेघ उमटते, काढलेल्या रेघेपेक्षा सरळ. तिच्यावरून मास्किंग टेप लावून खालचा पट्टा रंगवा आणि रंग थोडा ओला असतानाच टेप हळूच ओढून काढा, पूर्ण वाळला की रंगाची कड फाटते.

पडदे आणि बाकीचं

पडद्यासाठी कापड विकत घेऊ नका. घरात आईची, सासूबाईंची शहापुरी साडी असते, नेसून विरलेली पण काठ अजून भक्कम. साडी साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट. सात फुटी दाराला मुडपून-शिवून साडेसात फूट लागतं, म्हणजे दोन पडदे आणि तीन फूट उरतं, त्यात सोळा इंची दोन उशांचे अभ्रे बसतात. काठ पडद्याच्या आतल्या कडेला उभा येऊ द्या, दोन्ही पडदे ओढले की काठाशी काठ मिळतो. उन्हाच्या बाजूला मागून जुनी चादर अस्तर म्हणून लावा नाहीतर साडीचा रंग एका उन्हाळ्यात उडतो. मात्र साडी कापायच्या आधी ज्यांची आहे त्यांना विचारा, हे मनापासून सांगते.

लोखंडी कॉट, ट्रंक गंजली असेल तर पॉलिश पेपर, रेड ऑक्साईड प्रायमरचा एक हात आणि इनॅमलचे दोन, अर्ध्या लिटरमध्ये कॉट होते. वाकळ असेल तर घडी घालून आत ठेवू नका, कॉटवर वरच घाला, सगळ्या खोलीचे रंग तिच्यातच असतात. कुंडीसाठी प्लास्टिक नको, खानापूरची मातीची घ्या आणि खिडकीत तुळस नाहीतर मनीप्लांट लावा.

स्विच बोर्ड पिवळे पडले असतील तर मेन स्विच बंद करून कोरड्या फडक्याला थोडा साबण लावून पुसा, तडकले असतील तर इलेक्ट्रिशियनच बोलवा. भाड्याचं घर असेल तर रंग द्यायच्या आधी मालकांशी बोला, बरेच मालक रंगाचे पैसे भाड्यात वळते करतात जर काम तुम्ही करणार असाल तर, पण आधी ठरवून घ्या, नंतर नाही.

खर्चाचं म्हणाल तर निम्मे पैसे रंग-प्रायमर-पुट्टीला, पाव हिस्सा बल्ब आणि छोट्या दुरुस्तीला, उरलेल्यात ब्रश, रोलर, टेप, शिलाई. रोलर स्वस्तातला चालेल, कडेला मारायचा ब्रश मात्र चांगला घ्या, स्वस्त ब्रशचे केस रंगात चिकटतात. काम झालं की उरलेला रंग छोट्या हवाबंद डब्यात काढा, वर कंपनी, शेडचा नंबर, खोली आणि तारीख लिहा, आणि तोच नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पण चिकटवून ठेवा, डबा हरवतो पण कपाट कुठं जात नाही.